बापाचा रकाना

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी मला आजच्या मेळाव्यासाठी विषय दिला तो ‘पाल्याच्या प्रगतीत पालकांची जबाबदारी’ असा. विषय चांगला आहे. परंतु तेहतीस वर्षांच्या नोकरीत याच विषयावर मी इतकी भाषणे केली आहेत, की आता मलाच त्यांचा कंटाळा आला आहे. त्या सर्व भाषणांत मी ‘पालक’ हा एक सोयीचा शब्द वापरीत असे. पालक म्हणजे आई की बाप, हे बोलण्याचे टाळीत असे. आज आपली परवानगी असेल तर मी त्यातल्या एकाविषयीच बोलणार आहे, बापाविषयी. समोर पाहतो तर खुर्च्यांवर बहुतेक भगिनीच बसलेल्या आहेत. पुरुष मंडळी मागे दाराशी उभी आहेत, जणू गाडीची वेळ झाली की निघायचे आहे. १९८३ साली मी नोकरीला लागलो तेव्हाच्या पहिल्या पालक सभेतही हीच मांडणी होती. त्या मागे उभ्या असलेल्यांनी आज थोडे पुढे यावे. मी कोणालाही प्रगतिपुस्तक दाखविणार नाही.

शाळेच्या रजिस्टरात बाप हा एक रकाना असतो. नाव, त्यापुढे धंदा, आणि प्रगतिपुस्तकावर वर्षातून तीन-चार वेळा सही. वर्गशिक्षक म्हणून मी शेकडो बापांना या तीन गोष्टींवरूनच ओळखत होतो. धंद्याच्या रकान्यात पूर्वी ‘शेती’, ‘मच्छीविक्री’, ‘गवताचा व्यापार’ असे शब्द असत. पुढे पुढे तेथे ‘कंपनीत नोकरी’ हा शब्द वाढू लागला आणि ‘परदेशी’ हाही एक धंदाच होऊन बसला. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचे ठरविले. ही चांगली गोष्ट झाली आणि खरे म्हणजे फार उशिरा झाली. सभेला आई यायची, डब्याची, तापाची, गणवेशाची काळजी आईने वाहायची आणि नाव मात्र बापाचे, असा तो व्यवहार होता. बाप शाळेत दिसायचा तो दोन प्रसंगी. एक, फीचा तगादा गेला म्हणजे आणि दुसरा, पोराची तक्रार गेली म्हणजे. दुसऱ्या प्रसंगी पुष्कळदा तो कार्यालयाच्या दारातच मुलाच्या थोबाडीत देई आणि आपण आपले कर्तव्य केले अशा मुद्रेने माझ्याकडे पाही.

परंतु या बापांना दोष देण्यापूर्वी आपला मुलूख कसा आहे हे पाहिले पाहिजे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. ठाण्याचे हेलपाटे थोडे कमी झाले, पण माणसाचा दिवस काही मोठा झाला नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रे रात्रंदिवस चालतात आणि माणसे पाळीने चालतात. सकाळी सात ते तीन, तीन ते रात्री अकरा, अकरा ते सकाळी सात. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळच्या शाळेचे मूल घरातून निघते तेव्हा बाप झोपलेला असतो, आणि बाप परत येतो तेव्हा मूल झोपलेले असते. एका घरात राहूनही दोघांची गाठ नाही. जे मुंबईला अप-डाऊन करतात त्यांची कथा याहून निराळी नाही. अंधारात गाडी पकडायची आणि अंधारातच बोईसरला उतरायचे. २०१३ च्या एप्रिलपासून लोकल डहाणूपर्यंत आली, त्याने गाड्या वाढल्या, अंतर थोडेच घटले! अशा घरातील मुले बापाला रविवारचा माणूस समजतात, आणि रविवारी तो बिचारा झोप पुरी करीत असतो.

आणि परदेशी गेलेले? १९७३ नंतर तेलाचा पैसा आला तसे आपल्या कोकणी मुसलमानांच्या घराघरांतून कोणी सौदीला, कोणी कुवेतला, कोणी बहारीनला गेले. घरावर स्लॅब पडला, बहिणींची लग्ने झाली, हे कोणी नाकारू नये. त्या काळी पत्राबरोबर कॅसेट येई. सारे घर टेपरेकॉर्डरभोवती बसून बापाचा आवाज ऐके. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला. तेथे अडकलेल्या एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले. त्यांतच माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील होते. एका पिशवीनिशी घरी आले. माझा विद्यार्थी आठवीत होता, त्याने ओळखले. त्याचा धाकटा भाऊ पाच वर्षांचा होता. तो दोन दिवस आईच्या मागे लपला आणि तिसऱ्या दिवशी त्याने हळूच विचारले, “अम्मी, हे चाचा कधी जाणार?” ही हकीगत सांगताना तो विद्यार्थी हसत होता. त्याच्या वडिलांना मी पुढे भेटलो. ते मला म्हणाले, “सर, दुकान गेले, पगार बुडाला, त्याचे काही नाही. पोराचा तो एक प्रश्न मात्र अजून कानांत आहे.”

तेव्हा बाप घरी नसतो हे आपल्याकडे पुष्कळदा नाइलाजाचे असते. मला बोलायचे आहे ते या नाइलाजाविषयी नाही. जेवढा वेळ तो घरी असतो तेवढ्यात तो कोण असतो, याविषयी बोलायचे आहे.

उत्तर प्रदेशातून बोईसरला आलेला एक कामगार माझ्या चांगला लक्षात आहे. रंगाच्या कारखान्यात काम करी. त्याच्या नखांत आणि बोटांच्या पेरांवर निळा रंग कायमचा बसलेला. साबणाने जात नाही म्हणे, गावी गेले की महिन्याभराने उतरतो. त्याची मुलगी माझ्या वर्गात सहावीत होती. तिचे मराठी वाचन इतके स्वच्छ की मला नवल वाटे, कारण घरी मराठी बोलणारे कोणी नव्हते. एकदा हा गृहस्थ सभेला आला आणि अगदी शेवटच्या बाकावर हात मांडीखाली लपवून बसला. मी मुद्दाम जवळ जाऊन विचारले, घरी वाचून कोण घेते? तो ओशाळून म्हणाला, “मीच घेतो, पण मला वाचता येत नाही.” मग कसे घेता? तर म्हणाला, “ती मोठ्याने वाचते, मी ऐकतो. अर्थ मला कळत नाही, पण पोर कुठे अडखळली ते कळते की! अडखळली की मी म्हणतो, पुन्हा वाच.” दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो कामावर जाताना मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी सायकल लावून उभा राही. मुलगी पुस्तक घेऊन येई आणि पाच-दहा मिनिटे त्याला वाचून दाखवी. फाटकावरच्या शिपायाने मला हे सांगितले होते, आणि त्या वेळी मला त्यात विशेष काही वाटले नव्हते, हेही कबूल केले पाहिजे. मी डी.एड., बी.एस्सी., बी.एड. झालेला माणूस. निरक्षर बाप मुलीला वाचन काय शिकविणार, असा माझा समज होता.

माझे स्वतःचे अब्बा तारापूरच्या बाजारात शिंपीकाम करीत. एका दुकानाच्या ओट्यावर त्यांचे मशीन होते. १९६४ साली अणुविद्युत केंद्राचे बांधकाम सुरू झाले आणि १९६९ सालापासून तेथून वीज जाऊ लागली. त्या सुमारास अब्बांकडे खाकी कपड्यांचे बरेच काम येऊ लागले. ते जेमतेम दोन इयत्ता शिकलेले, पण मापाच्या वहीत आकडे नीट लिहीत. तेही गुजराती आकडे, कारण त्या बाजारात हिशेब गुजरातीत चाले. रमजानमध्ये सहरीपर्यंत मशीन चाले. गिऱ्हाइकांचे कपडे आधी, आमचे चाँदरातीला. त्यांनी आम्हा भावंडांना कधी मांडीवर घेतल्याचे, कौतुक केल्याचे मला आठवत नाही. त्या पिढीत ती रीतच नव्हती. पण ईदेपूर्वी आम्हा प्रत्येकाला समोर उभे करून ते माप घेत. छातीचे माप घेताना टेप पाठीमागून आणायची, तेव्हा त्यांचे दोन्ही हात क्षणभर माझ्याभोवती येत. खडूचा आणि मशीनच्या तेलाचा वास येई. मग ते वहीत पाहून म्हणत, “गेल्या सालापेक्षा दीड इंच.” बस्, तेवढेच. ते वारले तेव्हा माझ्या भावाने मशीन नेले आणि वह्या माझ्याकडे आल्या. त्यांत माझ्या चौथ्या वर्षापासून लग्नाच्या शेरवानीपर्यंतची मापे आहेत. एकही साल चुकलेले नाही. ते आकडे मी एका ओळीत मांडून पाहिले. शिक्षकाची खोड, दुसरे काय.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच खरे तर मी आज आलो आहे.

मी गणित शिकवीत असे, आणि चांगले शिकवीत असे असे लोक म्हणतात. माझा धाकटा मुलगा १९९८ साली आठवीत होता. तो दुसऱ्या शाळेत होता, म्हणून माझ्या वर्गात कधी नव्हता. आठवीत बीजगणित सुरू होते. एके रात्री तो समीकरणाचे एक उदाहरण घेऊन माझ्याकडे आला. मी उत्तरपत्रिका तपाशीत होतो. वहीकडे एकदा पाहिले आणि म्हणालो, “एवढे येत नाही? अरे, माझ्या वर्गातले ढ पोरसुद्धा हे तोंडी सांगेल.” मग समजावून दिले. चांगले समजावून दिले असणार. पण आवाज चढलेला होता. असे दोन-तीनदा झाले असेल. नंतर तो प्रश्न घेऊन येईनासा झाला. मी समजलो, पोराला आता येऊ लागले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच्या शाळेतील एक शिक्षक मला पालघर स्टेशनवर भेटले. गाडीला उशीर होता, बाकावर बसलो. बोलता बोलता ते म्हणाले, “सर, तुमचा मुलगा रोज शाळा सुटल्यावर माझ्याकडे गणित विचारायला थांबतो. मेहनती आहे. पण मी म्हटले, तुझ्या घरीच तर गणिताचे सर आहेत. तर तो काही बोलला नाही.” त्या गृहस्थांनी हे अगदी सहज सांगितले. माझी मात्र त्या बाकावर बसवेना अशी स्थिती झाली. दुसऱ्यांची मुले माझ्या घरी गणित विचारायला येत होती आणि माझे मूल दुसऱ्याकडे जात होते.

आपण म्हणाल, मग मी घरी जाऊन त्याला जवळ घेतले असेल. तसे काही झाले नाही. मी घरी जाऊन त्याला रागावलो. म्हणालो, “चार लोकांत माझी शोभा केलीस.” तो मान खाली घालून उभा राहिला. रात्री माझी पत्नी मला म्हणाली, “शाळेतले सर रोज सहा वाजता घरी येतात. मुलांचे अब्बा कधी येणार ते सांगा, म्हणजे मी त्यांचाही चहा ठेवीन.” ती सातवी शिकलेली आहे. माझ्या बी.एड.च्या सर्व पुस्तकांत हे इतके स्पष्ट कोणी लिहिलेले नव्हते.

धर्माचे ज्ञान मला कमी नव्हते. सूरह लुकमान मी कितीदा पढलो होतो. त्यात एक शहाणा बाप मुलाला उपदेश करतो. मोठमोठ्या गोष्टी सांगतो, पण हाक मारताना दर वेळी लाडाची हाक मारतो, आणि त्याच उपदेशात आवाज खाली ठेवावा असेही सांगतो. मी तो उपदेश मुलाला ऐकविला होता, चढ्या आवाजात! पैगंबर साहेब (स.) नातीला, उमामाला, खांद्यावर घेऊन नमाज पढल्याची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. मला दहा मुले आहेत पण त्यांतल्या एकाचाही मी कधी मुका घेतला नाही, असे ऐटीने सांगणाऱ्या सरदाराला त्यांनी काय समज दिली, तेही ठाऊक आहे. ऐकलेले असणे आणि अंगी असणे यांत पुष्कळ अंतर असते, हे मी पालकांना नेहमी सांगत असे.

मुलाचे गणित सुटले ते सुटलेच. दहावीला कसाबसा निघाला. पुढे आय.टी.आय. केले, आज तो येथेच एका कारखान्यात वीजतंत्री आहे, इमानाने कमावतो. मी मनाची समजूत घालतो की त्यात वाईट काय झाले? वाईट काही नाही. पण चौदाव्या वर्षी त्याच्या मनात जे प्रश्न येत होते ते त्याने कोणाला विचारले, हे मला ठाऊक नाही, आणि आता विचारूनही कळणार नाही.

याच सुमारास मी सालिम अलींचे चरित्र वाचले. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही त्यांना पक्षिशास्त्रज्ञ म्हणून ओळखता. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, १९४१ सालचे त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आजही लोक बरोबर घेऊन रानात जातात. मला मात्र त्यांच्यापेक्षा त्यांच्या मामांचे अधिक कौतुक वाटले. सालिम अली १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मले, भावंडांतील सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तैयबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूल नव्हते. त्यांनी खेतवाडीतल्या घरी या पोरक्या मुलांना वाढविले. मामांना शिकारीचा शौक. त्यांनी भाच्याला खेळण्यातली हवेची बंदूक दिली. १९०८ च्या सुमारास त्या बंदुकीने मुलाने एक चिमणी पाडली. पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही साधी चिमणी नव्हे, मग कोणती? तो ती घेऊन मामांकडे गेला.

आता येथे थांबून पाहा. घरातला कर्ता पुरुष, नामांकित शिकारी, आणि पोराने विचारलेला पक्षी त्याला ओळखता येत नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी काय केले असते? “चिमणीच आहे, जा, हात धू आणि अभ्यासाला बस.” मी तर नक्कीच तसे म्हटले असते. मामांनी सरळ सांगितले की मला ठाऊक नाही. आणि तेवढ्यावर न थांबता त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे चिटणीस मिलार्ड साहेब यांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. दहा-बारा वर्षांचा मुलगा चिमणीचे पुडके घेऊन, भीत भीत त्या इंग्रज गृहस्थाकडे गेला. साहेबांनी पक्षी ओळखला, ती रानचिमणी होती, आणि कपाटे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्याला दाखविले. पुढचे सारे आयुष्य त्या कपाटांतून निघाले, असे खुद्द सालिम अलींचेच म्हणणे. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच त्या पडलेल्या चिमणीवरून आहे. ते १९८५ साली निघाले आणि १९८७ साली ते वारले.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. हाच मुलगा १९१३ साली मॅट्रिक कसाबसा पास झाला आणि पुढे कॉलेजात गणिताने त्याचा पिच्छा पुरविला. घरच्यांनी त्याला ब्रह्मदेशात कुटुंबाच्या धंद्यावर पाठविले. तेथेही तो पक्षीच पाहत राहिला. प्रगतिपुस्तकाच्या कोणत्याही रकान्यात ती चिमणी बसली नसती.

तैयबजी घराणे श्रीमंत होते, त्यांची गोष्ट निराळी, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. याच घराण्यातील मुल्ला तैयब अली यांनी, इंग्रजी शिक्षण म्हणजे धर्म बुडाला असे लोक म्हणत होते त्या काळात, आपले मुलगे युरोपला शिकायला धाडले. त्यांतले एक बद्रुद्दीन तैयबजी. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम काढणाऱ्यांतले, १८८७ सालचे काँग्रेसचे अध्यक्ष, पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती. त्यांनी १९०४ साली आपल्या दोन मुली इंग्लंडच्या निवासी शाळेत पाठविल्या. आपल्याजवळ एवढा पैसा नाही. पण १९०४ साली मुली इंग्लंडला गेल्या, आणि माझ्याकडे येणारे बाप २०१० सालीही विचारीत होते की मुलीला बोईसरहून पालघरच्या कॉलेजात कसे पाठवायचे. मध्ये स्टेशन एकच, उमरोळी! एका बापाचे मात्र मला सांगायला हवे. मनोरचे मूळ, बोईसरला रिक्षा चालवीत. मुलीचा सोनोपंत दांडेकर कॉलेजात प्रवेश झाल्यावर त्यांनी पहिले आठ दिवस धंदा अर्धा दिवस बंद ठेवला आणि मुलीबरोबर गाडीने पालघरला गेले. कोणत्या डब्यात बसायचे, कोणत्या जिन्याने उतरायचे, उशीर झाला तर कोणाला फोन करायचा, सारे तिच्याबरोबर पाहिले. नवव्या दिवशी म्हणाले, “आता तू मला पुढच्या गाड्यांच्या वेळा सांग.” मामांची चिठ्ठी आणि या रिक्षावाल्याचे आठ दिवस यांत मला तरी फरक दिसत नाही. ठाऊक नसलेल्या ठिकाणी मुलाला सोडताना दोघांनीही हात लगेच सोडला नाही.

मारण्याविषयी दोन शब्द. आम्ही शिक्षकांनी छडी फार वापरली. मीही वापरली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना मनाई केली. त्यावर आमच्या शिक्षक-खोलीत पुष्कळ कुरकुर झाली, आता पोरे ऐकणार कशी म्हणून. पोरे ऐकतात. पण कायदा शाळेच्या फाटकापाशी थांबतो. घरात टोमणा मारला तर कोणते कलम लागणार? माझ्या मुलाला मी कधी हात लावला नाही, याचा मला अभिमान होता. ‘ढ’ हे एकच अक्षर मी उच्चारले होते.

२०२० साली टाळेबंदी झाली आणि शाळा मोबाइलवर आली. तोवर मी निवृत्त झालो होतो, पण आजूबाजूची मुले माझ्याकडे येत. घरात मोबाइल एकच, तो बापाचा. बाप पहिल्या पाळीला गेला की मुलाचा वर्ग बुडाला. काही बापांनी साधा फोन घेऊन चांगला फोन घरी ठेवला, काहींनी नाही ठेवला. मी कोणाचा निवाडा करीत नाही. पण त्या वर्षी पुष्कळ बापांनी पहिल्यांदाच मुलाचा वर्ग ऐकला आणि चकित होऊन मला विचारले, “सर, हे एवढे कठीण असते?” हा प्रश्न त्यांनी मुलाला विचारला असता तर किती बरे झाले असते!

परदेशातल्या बापांना आता कॅसेटची गरज नाही, रोज चेहरा दिसतो. माझ्या शेजारचे मूल रोज बापाशी बोलते. मी ऐकत असतो. “अभ्यास केलास? नमाज पढलास? अम्मीला त्रास देत नाहीस ना?” मूल तीन वेळा “हो” म्हणते आणि फोन आईकडे देते. इन्स्पेक्टर शाळेत आला म्हणजे आम्हीही असेच “हो” म्हणत होतो. त्या बापाने एखादे दिवशी आपणच सांगावे की आज येथे वाळूचे वादळ आले, किंवा आज जेवणात मीठ जास्त पडले. मग पाहा मूल फोन सोडते का.

माझे बोलणे लांबले. शेवटची एक हकीगत सांगून मी आपली रजा घेतो.

माझ्या त्याच मुलाची मुलगी आता तिसरीत आहे. आमच्याकडे आजोबांना दादा म्हणतात. मागच्या महिन्यात तो तिला घेऊन चिंचणीच्या किनाऱ्यावर गेला होता. आपल्याकडचा किनारा सपाट, ओहोटीला पाणी फार लांब जाते. तिने विचारले, “अब्बा, समुद्र कुठे गेला?” तो म्हणाला, “चंद्रामुळे जातो म्हणतात, पण कसे ते मला नीट ठाऊक नाही. चल, दादांना विचारू.” हे त्याने मला नंतर सांगितले, आणि सांगताना त्याला त्यात कसलाही कमीपणा वाटत नव्हता. दोघे तसेच वाळूने भरलेल्या पायांनी माझ्यापुढे येऊन उभे राहिले. सत्तावीस वर्षांनी तो माझ्याकडे प्रश्न घेऊन आला होता.

मी चष्मा लावला आणि सुरू झालो. चंद्राचे आकर्षण, पृथ्वीचे फिरणे, दिवसातून दोनदा भरती, आणि ती रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. नात ऐकत होती. मग म्हणाली, “तुम्ही मोजलंय?” माझा मुलगा माझ्याकडे पाहू लागला. तेहतीस वर्षे मी ते पन्नास मिनिटे फळ्यावर लिहीत आलो, जन्म समुद्राच्या काठी गेला, पण मोजले कधीच नव्हते. मी म्हणालो, “नाही बेटा, मोजलेले नाही.”

येत्या शनिवारी आणि रविवारी आम्ही तिघे चिंचणीला जाणार आहोत. पाणी कोणत्या वेळी पुरते खाली जाते ते तेथल्या कोळी बांधवांना आधी विचारून ठेवायचे आहे. मुलगा या आठवड्यात तिसऱ्या पाळीला आहे. सकाळी सातला सुटला की घरी न जाता तो थेट किनाऱ्यावर येईल. वाळूत रोवायची काठी मी शोधून ठेवली आहे. वही नातीची आहे, आणि ती म्हणते की आकडे तीच लिहिणार.